सपाटीवरचा डोंगर : स्वामीमलै आणि तंजावरचे मराठी

कुंभकोणम हे एका दिवसाच्या यात्रांचे गाव आहे. कावेरी आणि अरसलार या दोन प्रवाहांच्या मधोमध वसलेल्या या नगरातून रोज पहाटे भाड्याच्या मोटारी बाहेर पडतात आणि दिवेलागणीपर्यंत परततात. नवग्रहांची नऊ क्षेत्रे, दारासुरमचे चोळकालीन ऐरावतेश्वर मंदिर, तिरुभुवनम अशा ठिकाणांपैकी यात्रेकरूच्या सवडीप्रमाणे काहींची निवड होते. गाडीचा चालकच बहुधा वाटाड्याही असतो. कोणत्या मंदिरात आधी जावे, कोणते दुपारी बंद असते, कोठे कोणती कथा सांगितली जाते, हे त्याला तोंडपाठ असते. या यादीत एक नाव बाकीच्यांहून निराळे आहे. ते नाव स्वामीमलै. तमिळमध्ये ‘मलै’ म्हणजे डोंगर. नगरातून डोंगरावर जाऊन त्याच दिवशी परत येण्याचा हा प्रवास पश्चिमेकडे जेमतेम आठ किलोमीटरांचा आहे. वाटेत भाताची खाचरे, केळीच्या बागा, नारळाची राई आणि पाटाचे पाणी लागते. डोंगराची मात्र कोठेही चाहूल लागत नाही. क्षितिज चारी बाजूंनी सारखेच सपाट राहते आणि गाडी थेट गोपुरापाशी थांबते.

डोंगर दिसत नाही याचे कारण तो निसर्गाने दिलेला नाही. स्वामीमलै हा माणसांनी रचलेला उंचवटा आहे. तमिळमध्ये अशा डोंगराला ‘कट्टुमलै’, म्हणजे बांधलेला डोंगर, असे म्हणतात. त्याची उंची साठ फुटांच्या आसपास असेल. तीन प्राकारांपैकी एक जमिनीवर, दुसरा मध्यावर आणि तिसरा माथ्यावर अशी त्याची रचना आहे. सह्याद्रीत वाढलेल्या माणसाच्या दृष्टीने ही टेकडीदेखील नव्हे. तरीही मुरुगन या देवतेच्या सहा मुख्य स्थानांत, ‘आरुपडैवीडु’मध्ये, तिला चौथे स्थान आहे, आणि तिचा मान कोणत्याही खऱ्या डोंगराहून कमी नाही. कावेरीच्या मुखाकडील सुपीक सपाटीत लोकांना डोंगर बांधून काढण्याची गरज का भासली, हा प्रश्न तमिळ धर्मेतिहासाचा आहे. पण ज्या मराठी घराण्याने या सपाटीवर पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ वास्तव्य केले आणि जे स्वतः डोंगर मागे टाकून येथे आले होते, त्याच्या इतिहासालाही हा प्रश्न स्पर्श करतो.

प्राचीन तमिळ काव्यशास्त्राने भूमीचे पाच प्रकार मानले आहेत. डोंगराची कुरिंजी, रानाची मुल्लै, शेतीची मरुदम, समुद्रकाठची नेय्दल आणि रखरखीत पालै. तोलकाप्पियम या व्याकरणग्रंथाने यांतील चार भूमींना त्यांचे त्यांचे देव नेमून दिले. त्यानुसार लाल कांतीचा सेयोन, म्हणजेच मुरुगन, हा कुरिंजीचा देव आहे, आणि नांगरटीच्या मरुदमचा देव वेंदन, म्हणजे इंद्र. कावेरीचा खालचा प्रदेश ही मरुदमची आदर्श भूमी. तेथे मुरुगन आला तो परक्या प्रदेशात आला, आणि येताना आपला डोंगर बरोबर घेऊन आला, असे म्हणावे लागते. त्याच्या गाभाऱ्यासमोर नेहमीच्या मोराऐवजी हत्ती आहे. तो इंद्राने अर्पण केलेला ऐरावत, अशी कथा तेथे सांगितली जाते. शेताच्या देवाने डोंगराच्या देवाला आपले वाहन देऊन आपल्या भूमीत सामावून घेतले, असा या कथेचा अर्थ लावण्यास जागा आहे.

या सहा स्थानांची वाट दाखविणारे काव्य फार जुने आहे. नक्कीररच्या नावावर असलेले ‘तिरुमुरुगाट्रुप्पडै’ हे ‘पत्तुप्पाट्टु’ या दहा दीर्घकाव्यांच्या संग्रहातील पहिले काव्य होय. ‘आट्रुप्पडै’ या शब्दाचा अर्थच वाटेला लावणे असा आहे. या काव्यप्रकाराचा एक ठरलेला घाट असतो. दात्याकडून भरभरून मिळवून परतणाऱ्या एका कलावंताला दुसरा गरजू कलावंत वाटेत भेटतो. पहिला दुसऱ्याला त्या दात्याची कीर्ती, त्याचा प्रदेश आणि तेथे पोहोचण्याचा मार्ग सांगतो. नक्कीररने या घाटात एक मोठा बदल केला. त्याने दात्या राजाच्या जागी देव आणला आणि दरिद्री कलावंताच्या जागी मुक्तीची इच्छा धरणारा भक्त. मार्गदर्शक मात्र तोच राहिला, आधी जाऊन आलेला माणूस. वाटाड्याचा अधिकार त्याच्या कुळावर किंवा पदावर नव्हे, तर तो त्या वाटेने गेलेला आहे या एका गोष्टीवर उभा आहे, हे या काव्यप्रकाराने साहित्यात फार लवकर प्रस्थापित केले.

या काव्यातील चौथे स्थान ‘एरकम’ हे आहे आणि स्वामीमलै म्हणजे तेच, असे परंपरा मानते. पण त्या भागात डोंगराचे वर्णन नाही. तेथे आहेत ओलेत्याने, हात मस्तकावर जोडून, षडक्षरी मंत्र मंद स्वरात जपणारे ब्राह्मण. कदाचित म्हणूनच पुढे एरकमच्या स्थानाविषयी मतभेद झाला. मध्ययुगातील थोर भाष्यकार नच्चिनार्क्किनियर याने एरकम हे ‘मलैनाडु’तील, म्हणजे पश्चिमेकडील डोंगराळ मुलखातील, क्षेत्र असल्याचे म्हटले. याउलट पंधराव्या शतकातील संतकवी अरुणगिरिनाथर याच्या ‘तिरुप्पुगळ’ने कावेरीकाठच्या स्वामीमलैची आणि एरकमची एकरूपता गायिली. भाष्यकाराचा तर्क समजण्याजोगा आहे, कारण डोंगराच्या देवाचे ठिकाण डोंगरातच शोधावे, असे कोणालाही वाटेल. लोकमानसाने मात्र कवीची बाजू घेतली. सपाटीत डोंगर नसेल तर तो बांधता येतो, पण ज्या ठिकाणाशी गाणे जोडले गेले ते ठिकाण हलविता येत नाही, असा तो निर्णय होता.

स्वामीमलैची कथा मराठी वाचकाला अपरिचित वाटणार नाही. प्रणवाचा अर्थ ब्रह्मदेवाला सांगता येईना, तेव्हा बाल मुरुगनने त्याला बंदी केले. शिवाने मध्यस्थी केली आणि मुलालाच विचारले, तुला तरी तो अर्थ ठाऊक आहे का? मुलगा म्हणाला, सांगेन, पण तुम्ही शिष्य होऊन ऐकत असाल तर. शिव शिष्याच्या जागी बसला आणि मुलाने त्याच्या कानात अर्थ सांगितला. म्हणून तो स्वामीचा नाथ, स्वामिनाथ झाला. या कथेने मंदिराची रचना ठरविली आहे. पायथ्याशी मीनाक्षी आणि सुंदरेश्वर, म्हणजे आईबाप, यांचे मंदिर आहे, आणि साठ पायऱ्या चढून गेल्यावर माथ्यावर मुलगा. बाप खाली आणि मुलगा वर ही मांडणी एरवी अमर्याद ठरली असती. येथे तीच मर्यादा आहे, कारण वर बसलेला मुलगा नसून गुरू आहे. वयोवृद्ध चांगदेवांनी लहानग्या मुक्ताबाईला गुरू केले, ही आठवण ज्या समाजाने जपली, त्याला या मांडणीचे मर्म वेगळे सांगावे लागत नाही. स्वामीमलैचा डोंगर का बांधला गेला, याचे एक उत्तर येथे मिळते. सांगणाऱ्याला ऐकणाऱ्याहून उंच आसन हवे, आणि सपाटीत ते निसर्गाकडून मिळणार नव्हते.

त्या साठ पायऱ्यांना साठ संवत्सरांची नावे आहेत. प्रभव, विभव, शुक्ल असा क्रम सुरू होतो. हीच नावे गुढीपाडव्याला पंचांगश्रवणात मराठी घरांतून ऐकली जातात. दोन्ही प्रदेशांत एकाच दाक्षिणात्य गणनेचे चक्र चालते. फरक इतकाच की मराठी वर्ष चैत्र प्रतिपदेला बदलते आणि तमिळ वर्ष एप्रिलच्या मध्यावर, मेष संक्रमणाला. त्या दिवशी स्वामीमलैला पायऱ्यांची पूजा होते. शेवटच्या नावात मात्र एक लहानसा पण बोलका भेद आहे. साठाव्या संवत्सराला मराठी पंचांग ‘क्षय’ म्हणते, तर तमिळ पंचांग ‘अक्षय’. तिरुत्तणीच्या खऱ्या टेकडीवर वर्षाच्या दिवसांइतक्या ३६५ पायऱ्या असल्याचे सांगतात. स्वामीमलैच्या बांधलेल्या टेकडीने त्याहून मोठे माप घेतले. तिची उंची फुटांत मोजायची नसून वर्षांत मोजायची आहे. माणसाचे पुरे आयुष्य, ज्याला षष्ट्यब्दीपूर्ती म्हणतात तेवढे, पायांखाली घालून यात्रेकरू वर पोहोचतो.

सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात या भूमीचे राज्य मराठी माणसांच्या हाती आले. शहाजीराजे भोसल्यांचे पुत्र आणि शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी १६७५-७६च्या सुमारास तंजावर घेतले. शिवाजी महाराजांचे राज्य किल्ल्यांवर उभे होते. व्यंकोजींच्या नव्या राज्यात, निदान त्याच्या गाभ्यात, एकही डोंगर नव्हता. होते ते पाट, बंधारे, मंदिरे आणि धान्याची कोठारे. १६७७मध्ये महाराज दक्षिणेत उतरले. त्यांनी आधी जिंजीचा डोंगरी किल्ला घेतला आणि मग कोळ्ळिडम नदीच्या उत्तर तीरावर तिरुमळवाडीला तळ दिला. तेथे दोघे भाऊ भेटले. वडिलार्जित वाटणीवर बोलणे फिसकटले आणि व्यंकोजी रात्रीतून नदीपार तंजावरला निघून गेले. इतिहासकारांनी या भेटीकडे भाऊबंदकी म्हणून पाहिले आहे, आणि ते योग्यच आहे. पण त्यात दोन भूगोलांची भेटही होती. एका भावाचा भरवसा उंचीवर होता, दुसऱ्याने सपाटी स्वीकारली होती. पुढे राजाराम महाराजांना मोगलांशी झुंजताना जिंजीच्या डोंगराने आठ वर्षे आसरा दिला, हे खरे. पण सपाटीवरचे ते लहानसे राज्य पुण्याच्या पेशवाईनंतरही सदतीस वर्षे, १८५५पर्यंत, नावापुरते का होईना टिकले, हेही तितकेच खरे आहे.

या राज्यात कुंभकोणमचा परिसर महत्त्वाचा होता. व्यंकोजींचे पुत्र शहाजी यांनी १६९३मध्ये कुंभकोणमजवळच्या तिरुविशनल्लूर येथे विद्वानांना अग्रहार देऊन त्याला शहाजिराजपुरम हे नाव दिले. त्यांनी स्वतः तेलुगूत आणि मराठीत नाटके रचली. विष्णुदास भाव्यांनी सांगलीला १८४३मध्ये ‘सीतास्वयंवर’ उभे केले, त्याच्या जवळजवळ दीडशे वर्षे आधी तंजावरच्या दरबारात मराठी नाटके लिहिली जात होती. मराठी, तेलुगू, तमिळ आणि संस्कृत या चार भाषा एकाच रंगमंचावर नांदत होत्या. मराठीने येथे राज्य केले, पण इतर भाषांना उठवून लावले नाही. परक्या भूमीत आलेल्या मुरुगनप्रमाणेच तिनेही शेजाऱ्याचे वाहन आनंदाने स्वीकारले.

मराठी मुलखातून आलेल्या माणसाला स्वामीमलैचा देव मात्र प्रथम कोड्यात टाकणारा ठरला असणार. महाराष्ट्रात कार्तिकेय हा ब्रह्मचारी देव मानला जातो. पुण्याच्या पर्वतीवरील कार्तिकस्वामीचे दर्शन स्त्रियांनी घेऊ नये, असा संकेत पिढ्यान्पिढ्या पाळला गेला. तमिळ मुरुगनला मात्र दोन पत्नी आहेत. देवसेना ही इंद्राची कन्या, रीतसर वरलेली, आणि वल्ली ही डोंगरातल्या कुरवर या शिकारी जमातीत वाढलेली, प्रेमाने जिंकलेली. हे चित्र मराठी माणसाला कार्तिकस्वामीपेक्षा जेजुरीची आठवण करून देते. खंडोबाची म्हाळसा वाण्याची, लग्नाची. बाणाई धनगरांची, प्रीतीची. खंडोबा आणि मुरुगन यांच्यातील या साम्याकडे ग्युंथर सोन्थायमर यांच्यासारख्या अभ्यासकांनी लक्ष वेधले आहे. दोन्हीकडे गाव आणि रान, शेत आणि डोंगर यांचा मेळ देवाच्या संसारात घातलेला आहे. जेजुरीला डोंगर आधी होता आणि देव त्यावर आला. स्वामीमलैला देव आधी आला आणि डोंगर त्याच्यासाठी रचावा लागला. एवढा क्रम उलटा आहे, आशय एकच.

अठराव्या शतकाच्या अखेरीस या राज्याचा खरा अंत झाला. १७९९च्या तहाने दुसऱ्या सरफोजीराजांनी राज्यकारभार ईस्ट इंडिया कंपनीच्या स्वाधीन केला. त्यांच्याकडे तंजावरचा किल्ला, भोवतालची थोडी भूमी आणि ठरीव नेमणूक राहिली. वयाच्या बाविसाव्या वर्षी, गादीवर येऊन एक वर्ष होते न होते तोच, हा राजा राज्याविना राजा झाला. जी गोष्ट सोडण्यास त्यांचे मन तयार नव्हते, ती होती वाटसरूंची सोय. काशीकडून रामेश्वरला जाणाऱ्या मार्गावर तंजावरच्या मराठा राजांनी आणि राण्यांनी जागोजाग ‘छत्रम’, म्हणजे अन्नछत्रे व धर्मशाळा, बांधल्या होत्या. १८०१मध्ये सरफोजींनी रेसिडेंट बेंजामिन टॉरिन यांना पत्र लिहून या छत्रांची व्यवस्था आपल्याकडेच ठेवावी, अशी विनंती केली. सर्व जातींच्या वाटसरूंना तेथे शिजविलेले अन्न मिळते, ज्यांना ते चालत नाही त्यांना शिधा मिळतो, आजारी पडलेल्यांवर वैद्य उपचार करतात, मुलांच्या शिक्षणाची सोय असते, हे सारे त्यांनी त्या पत्रात तपशिलाने मांडले. पुढच्याच वर्षी ओरत्तनाडुला मुक्तांबाळ छत्र उभे राहिले. ज्याला स्वतःचा मुलूख उरला नव्हता, त्या राजाने दुसऱ्यांच्या वाटा सांभाळण्याचे काम आपले राज्यकर्तव्य मानले.

तो स्वतःही वाटसरू झाला. १८२० ते १८२२ या काळात सरफोजींनी मोठ्या लवाजम्यासह काशीची यात्रा केली आणि परतताना ग्रंथांची जोड केली. या यात्रेची स्मृती ‘त्रिस्थळी यात्रेच्या लावण्या’ या मराठी रचनेत राहिली आहे. पण डोंगर, नद्या आणि देश यांची ओढ त्यांच्या लेखणीत याहून अनपेक्षित रूपाने प्रकट झाली, आणि त्यासाठी त्यांनी निवडलेला वाटाड्या डोंगरातलाच होता.

तमिळ दरबारी आणि मंदिरीय नाट्यात ‘कुरवंजी’ नावाचा एक लोकप्रिय प्रकार आहे. कुरवर जमातीची, म्हणजे वल्लीच्या माहेरची, एक बाई टोपली घेऊन डोंगरातून नगरात येते. तेथे देवावर किंवा राजावर मन जडलेली एक उच्चकुलीन नायिका विरहाने झुरत असते. कुरवंजी तिचा हात पाहते आणि मीलनाचे भविष्य सांगते. तत्पूर्वी ती आपल्या डोंगराची थोरवी गाते. तिथले धबधबे, माकडे, मध, औषधी, आणि आपण हिंडलेले सारे देश. ज्या राजवाड्यातील स्त्रिया उंबरा ओलांडत नाहीत, त्यांच्यापुढे ही भटकी बाई साऱ्या जगाचा नकाशा उभा करते. आपल्याकडच्या कुडमुड्या जोश्याने भविष्य सांगण्यापूर्वी हिमालयापासून कन्याकुमारीपर्यंतचा भूगोल म्हणून दाखवावा, तसा हा प्रकार. अठराव्या शतकात कुट्रालमच्या डोंगरधारांवर रचलेली ‘तिरुक्कुट्रालक्कुरवंजी’ यात विशेष गाजली. खुद्द सरफोजीराजांना नायक कल्पून कोट्टैयूर शिवक्कोळुंदु देशिकर यांनी रचलेली ‘शरभेंद्र भूपाल कुरवंजी’ तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या उत्सवात खेळली जात असे.

सरफोजींनी याच घाटात मराठीत ‘देवेंद्र कुरवंजी’ लिहिली. तिच्यात कुरवंजी नुसता आपला डोंगर वर्णित नाही. ती पृथ्वीचा भूगोल सांगते. खंडे, देश, पर्वत, नद्या, नगरे, आणि तेही पुराणांतील सप्तद्वीपांचे नव्हे, तर त्या काळच्या युरोपीय विद्येने सांगितलेले. ज्या राजाने मिशनरी श्वार्ट्झ यांच्या देखरेखीखाली नवे ज्ञान आत्मसात केले, तंजावरला देवनागरी मुद्रणालय चालविले आणि शाळा काढल्या, त्याने नव्या भूगोलाचा पाठ कोणाच्या तोंडी घालावा? पंडिताच्या नाही, पाद्र्याच्या नाही, कंपनीच्या साहेबाच्याही नाही. डोंगरातून आलेल्या, टोपली घेतलेल्या, भविष्य सांगणाऱ्या बाईच्या. मराठी वाङ्मयेतिहासात या निवडीची म्हणावी तशी दखल घेतली गेलेली नाही. ज्ञान कोठून येते, या प्रश्नाला येथे एक उत्तर आहे. जो हिंडला आहे त्याच्याकडून. स्वामीमलैला बापाने मुलाकडून ऐकले, आट्रुप्पडैत कवीने वाटसरूकडून ऐकले, आणि तंजावरला राजवाड्याने भटक्या स्त्रीकडून ऐकले. प्रत्येक वेळी सांगणारा लौकिकात लहान होता आणि प्रत्येक वेळी उंच आसन त्यालाच मिळाले. सत्ता गमावलेल्या राजाला या उलट्या उतरंडीचे मर्म अधिक स्पष्ट दिसले असले, तर नवल नाही.

तंजावरच्या सपाटीने मराठी डोंगर आणखी एका अर्थाने सांभाळला. बृहदीश्वराचे मंदिर, ज्याला राजराज चोळाच्या काळापासून दक्षिणमेरू म्हणतात, तेही एक बांधलेले पर्वतच. दोनशे फुटांहून उंच विमान, १०१०च्या सुमारास पुरे झालेले. त्याच्या आवारातील भिंतीवर सरफोजींनी १८०३मध्ये भोसले वंशाचा इतिहास मराठीत कोरविला. तो वेरूळच्या, पुण्याच्या, विजापूरच्या आठवणींनी भरलेला आहे. आणि सरस्वती महाल ग्रंथालयात तीन हजारांवर मराठी हस्तलिखिते, मोडी कागदांची बाडे आणि त्यांखेरीज अफाट संस्कृत संग्रह राहिला. त्यातूनच विसाव्या शतकात दोन मौल्यवान ग्रंथ महाराष्ट्राला परत मिळाले. कवींद्र परमानंदाचे ‘शिवभारत’, आणि जयराम पिंड्ये याचे ‘पर्णालपर्वतग्रहणाख्यान’. १६७३मध्ये कोंडाजी फर्जंद आणि त्याच्या साठ निवडक माणसांनी पन्हाळा कसा घेतला, याचे ते काव्य. स. म. दिवेकर यांनी ते १९२३मध्ये आणि ‘शिवभारत’ १९२७मध्ये प्रसिद्ध केले. म्हणजे सह्याद्रीतल्या एका डोंगराच्या चढाईची साक्ष सह्याद्रीत नव्हे, तर जेथे नजरेला एकही डोंगर दिसत नाही अशा गावात, ताडपत्रांच्या आणि कागदांच्या शेजारी अडीचशे वर्षे शाबूत राहिली. डोंगर ज्यांच्या अंगणात होता त्यांना त्याचे वर्णन जपण्याची निकड नव्हती. ज्यांनी तो मागे टाकला होता, त्यांना होती.

स्वामीमलैची आजची ओळख आणखी एका विद्येमुळे आहे. येथील स्थपती पिढ्यान्पिढ्या पंचधातूच्या मूर्ती ओततात. आधी मेणाची मूर्ती, तिच्यावर कावेरीच्या गाळाच्या मातीचे लेप, मग तापवून मेण वितळवायचे आणि उरलेल्या पोकळीत धातूचा रस ओतायचा. मापासाठी नारळीच्या पातीची घड्या घातलेली पट्टी वापरतात. दर मूर्तीचा साचा फोडावा लागतो, म्हणून दुसरी मूर्ती तंतोतंत तशी होत नाही. या मूर्तींना भौगोलिक निर्देशांक मिळाला आहे, आणि २०२३मध्ये दिल्लीच्या भारत मंडपमपुढे उभारलेली सत्तावीस फुटांची अष्टधातूची नटराजमूर्ती याच गावच्या हातांनी घडली. एका दिवसाचा प्रवासी मंदिर पाहून झाल्यावर अशाच एखाद्या कारखान्यात नेला जातो. डोंगर आणि मूर्ती दोन्ही त्याच नदीच्या गाळातून उभ्या राहिल्या आहेत, हे त्याला कोणी सांगतेच असे नाही.

वाटाड्या काय सांगतो आणि काय गाळतो, यावर प्रवास अवलंबून असतो. कुंभकोणमहून निघालेल्या मराठी यात्रेकरूला स्वामीमलैची प्रणवकथा बहुधा ऐकायला मिळते, पायऱ्यांची संख्याही कळते. त्या पायऱ्यांची नावे त्याच्या आजीच्या पंचांगातलीच आहेत, हे सांगणारे मात्र विरळा. तसेच काहीसे तंजावरच्या मराठीचे झाले आहे. १८५५मध्ये दुसरे शिवाजीराजे निपुत्रिक वारले आणि राज्य खालसा झाले. भाषा मात्र घराघरांतून चालू राहिली. तमिळ शब्दांशी सोयरीक करून, कर्नाटक संगीताच्या सुरांत अभंग म्हणत, ती आजही काही कुटुंबांत बोलली जाते. पण सरस्वती महालातील मोडी कागद वाचू शकणारी माणसे पिढीगणिक कमी होत गेली. त्या कागदांत जमाखर्च आहेत, छत्रांचे हिशेब आहेत, दिलेले शिधे आणि चालवलेल्या पाठशाळा आहेत. कोणी, कोठून, कोणत्या देवाकडे जाताना तेथे मुक्काम केला, याच्या नोंदी आहेत. वाचणारा नसेल तर तो साराच उंचवटा पायऱ्यांविना उरतो.

स्वामीमलैच्या बांधकामात या अवस्थेवरचा उपायही दडलेला आहे. डोंगर नाही म्हणून तेथील लोकांनी देवाला दुसरीकडे धाडले नाही. त्यांनी माती टाकली, दगड रचले, पायऱ्या घातल्या आणि प्रत्येक पायरीला एक नाव दिले, म्हणजे चढणारा नावे घेत घेत चढेल. भाषेची उंचीही अशीच रचावी लागते. मोडी शिकणारा एक विद्यार्थी, एक संपादित बाड, एक नव्याने छापलेली कुरवंजी, ही त्यातली एकेक पायरी होय. साठाव्या पायरीला क्षय म्हणायचे की अक्षय, हे पंचांगाकडून ठरत नाही. ते ठरते वर वाटाड्या आहे का, आणि खाली ऐकण्यासाठी कोणी बसले आहे का, यावरून.